गेरूचा दोर

केदॉनच्या शालीवरचा गेरूचा डाग कधी गेलाच नाही. गेला म्हणेपर्यंत नवा पडायचा. सभेच्या दिवशी अथेन्स शहरातल्या बाजारात पहारेकरी गेरूत बुडवलेला लांब दोर दोन्ही टोकांनी ताणून धरतात आणि गप्पा छाटत रेंगाळणाऱ्यांना, जिथे सभा भरते त्या प्निक्सच्या टेकडीकडे हाकत नेतात. ज्याच्या अंगाला दोर लागला, तो कामचुकार, हे दिवसभर सगळ्यांना दिसत राहतं. आमच्या पिरायसच्या लोकांना बंदरापासून शहरापर्यंत पायपीट करावी लागते, तेव्हा आमच्यातले बरेच जण तांबडे होऊनच घरी येतात. केदॉनचं मात्र तसं नव्हतं. तो पहाटे निघायचा, सगळ्यांच्या आधी पोचायचा, आणि मग बाजारात कुणाशी तरी वाद घालत उभा राहायचा.

गंमत अशी, की तो दोर त्याच्या बायकोनेच वळलेला असायचा.

हाब्रोच्या माहेरी टोपल्या आणि दोर हाच धंदा. मासळीच्या टोपल्या, ऑलिव्हच्या पाट्या, होड्यांचे दोर, सगळं तिच्या हातचं आमच्या बंदरात फिरत असे. जहाजाचा दोर घट्ट पिळायचा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. सभेचा दोर सैल वळायचा, म्हणजे तो गेरू पितो. हे तिला तिच्या बापाने शिकवलं होतं, आणि तिचा सैल दोर इतका गेरू प्यायचा, की पहारेकरी दुसऱ्या कुणाचा घेत नसत.

"तुझ्या दोराने आज परत धरलं मला," केदॉन दारातूनच सांगायचा.

"माझा दोर शहाणा आहे. बरोबर गाढव ओळखतो."

"शेजारी प्रोक्लीसही उभा होता. त्यालाही लागला."

"भावजी बिचारे तुमच्यामुळे अडकतात. धुवायला मात्र मी आणि त्यांची बायको."

प्रोक्लीस म्हणजे समोरच्या घरातला चुनेवाला. घरांना सफेदी करायचा. हात, भुवया, दाढी कायम पांढरी, आणि स्वभाव सशाचा. गर्दीचा त्याला धसका. सभेच्या दिवशी त्याच्या पोटात हमखास दुखायचं. केदॉन त्याच्या दारात उभा राहून हाका मारायचा, "प्रोक्लीस, चल, टेकडी वाट बघतेय," आणि तो बाहेर येईपर्यंत हलायचा नाही. सगळी गल्ली जागी व्हायची. शेवटी प्रोक्लीस शाल सावरत बाहेर यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, ह्याला आवरा."

संध्याकाळी केदॉन जवाची भाकरी आणि कांदा पुढ्यात घेऊन बसायचा आणि सभा सांगायचा. कोण काय बोललं, कुणाला लोकांनी हुर्यो करून खाली बसवलं, कुठल्या शहाण्याने गलबतांवरून सुरुवात केली आणि बकऱ्यांवर संपवलं, सगळं नकलांसकट. स्वतः तो तिथे कधी एक शब्द बोलला नाही. घरात बोलून बोलून कान किटवणारा माणूस, तिथे फक्त हात वर करायचा. हाब्रो काड्या विणत ऐकायची. बाईमाणसाला टेकडीवर जागा नाही, पण टेकडी रोज तिच्या ओट्यावर यायची. आणि गोष्ट संपली की केदॉन नेमाने विचारायचा, "तू असतीस तर?"

ती सांगायची. कधीकधी तो पुढच्या सभेत तिच्या म्हणण्याप्रमाणे हात वर करून यायचा. अथेन्सच्या काही ठरावांमागे आमच्या गल्लीतली टोपलीवाली होती, हे अथेन्सला अजून ठाऊक नाही.

मग आम्ही स्पार्टाशी चाललेलं युद्ध हरलो. स्पार्टाच्या लोकांनी बासऱ्या वाजवत आमच्या तटाच्या भिंती पाडल्या आणि शहरात तीस बड्या माणसांचं राज्य आलं. कायदे नीट लिहून काढायचे म्हणून त्यांना नेमलं होतं. कायदे राहिले बाजूला. सभा बंद झाली. आपल्या मर्जीतल्या काही लोकांना त्यांनी नागरिक म्हटलं, बाकीच्यांना कुणीही काहीही करावं. टेकडीवर बोलायचा जो चौथरा होता, त्यावरून पूर्वी समुद्र दिसायचा. तो त्यांनी फिरवून जमिनीकडे तोंड करून ठेवला, असं लोक म्हणायचे. समुद्र बघितला की गरिबांना आपली वल्ही आणि त्यांवर चालणारं शहराचं आरमार आठवतं, आणि ह्यांना तेच नको होतं.

सभा नाही म्हटल्यावर केदॉनचा जीव घरात रमेना. जुन्या सभेचा दिवस आला की तो शाल घेऊन निघायचा, टेकडीवर जाऊन आपल्या नेहमीच्या जागी बसायचा आणि दुपारी परत यायचा.

"काय करता तिथे?" हाब्रोने विचारलं.

"बसतो."

"कोण बोलतं?"

"कोण बोलणार? एक म्हातारा आहे, तोही येतो. आज आणखी काही जण होते. आम्ही आपले बसतो."

"भावजी येतात?"

"त्याच्या पोटात दुखतं," केदॉन म्हणाला, आणि दोघंही हसली.

नुसतं बसणाऱ्या माणसांची तीसजणांना काय भीती वाटावी, हे मला आजवर कळलेलं नाही. पण वाटली. आणि त्यांची रीत मोठी हलकट होती. कुणाला पकडायचं झालं तर ते आपली माणसं पाठवत नसत. साध्यासुध्या लोकांना बोलावून घेत आणि म्हणत, जा, अमक्याला घेऊन या. नाही म्हटलं तर तुझीच पाळी. म्हणजे हात सगळ्यांचे बरबटले, की कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको.

त्या दुपारी केदॉन मागच्या अंगणात होडीच्या फळीला डांबर लावत होता. मागचं दार उघडं होतं, त्यापलीकडे पायवाट, त्यापलीकडे होड्या. पुढच्या दारातून हाक आली.

"केदॉन, चल जरा. नुसतं विचारायचंय, असं म्हणताहेत."

आवाज प्रोक्लीसचा होता. दुसऱ्या कुणाचा असता तर केदॉन होडीत असता. गल्लीतले बरेच जण तसेच सुटले होते. त्याने डांबराचा कुंचला खाली ठेवला, हात पुसले आणि हसत बाहेर आला. म्हणाला, "आज तू मला बोलावतोयस? सूर्य कुठून उगवला?" तेव्हा त्याला प्रोक्लीसच्या मागे उभे असलेले बाकीचे तिघे दिसले. शाल खुंटीवर तशीच राहिली.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. त्याला विषाचा पेला दिला. चौकशी नाही, खटला नाही. प्रेत घरी आणलं तेव्हा मोठ्याने रडायची बंदी होती. खुंटीवरच्या शालीत हाब्रोने त्याला गुंडाळलं नाही. त्यावर गेरू होता आणि लोकांना ते रक्त वाटलं असतं. शेजारच्या मालथाकेने, म्हणजे आमच्या मासळीवालीने, आपल्या नवऱ्याची शाल दिली. पहाटे उंबऱ्यावर कुणीतरी प्रेताच्या डोक्याखाली घ्यायला स्वच्छ उशी ठेवून गेलं होतं. तिच्या शिवणीत चुना होता. हाब्रोने ती उचलली आणि रस्त्याच्या गटारात टाकली.

त्यानंतर तिने प्रोक्लीसशी शब्द काढला नाही. पाणी भरायला तो दिसला तर घागर तशीच घेऊन परत यायची.

हिवाळ्यात तीसजणांविरुद्ध फिलीच्या किल्ल्यात जमलेली आपली माणसं खाली उतरली आणि आमच्या बंदरावरच्या मुनिखियाच्या डोंगरावर येऊन बसली. तीसजणांचं सैन्य चालून आलं, तेव्हा डोंगरावरून आमच्या लोकांनी दगड, भाले, जे हाताला लागलं ते फेकलं आणि त्यांना पळवून लावलं. हाब्रोचा मुलगा फानिआस, नुकता कुठे मिसरूड काळं झालेला, त्यात होता. दुसऱ्या दिवशी सगळं बंदर डोंगरावर. नागरिक, परदेशी, हमाल, गुलाम. माणसं पुष्कळ, ढाली मूठभर. कारण आमच्या शहाण्यांच्या ढाली तीसजणांनी आधीच पळवल्या होत्या: सगळ्यांना संचलनाला बोलावलं, शस्त्रं रचून ठेवा म्हणाले, आमचे लोक निमूटपणे ठेवून जेवायला गेले, आणि परत येऊन बघतात तर एकही जागेवर नाही. अथेन्सचा माणूस जेवायच्या वेळेला बाकी सगळं विसरतो.

"ढाली विणता येतील का गं?" मालथाकेने हाब्रोला विचारलं.

"टोपली विणता येते. टोपली उपडी घातली की ढालच."

गल्लीतल्या बायका बसल्या. वाळुंजाच्या काड्या पाण्यात भिजत होत्या, हाब्रो सांगत होती, बायका विणत होत्या, आणि मालथाके प्रत्येक ढालीकडे बघून म्हणायची, "ह्यात मासे चांगले राहतील." पण काड्यांची ढाल लांबून काड्यांचीच दिसते. तिला पांढरी केली तर शत्रूला खरी वाटेल, असं डोंगरावरून सांगणं आलं.

सगळ्यांनी हाब्रोकडे बघितलं. गल्लीत चुना एकाच घरात होता.

कुणी बोलवायच्या आधीच प्रोक्लीस घागरी घेऊन आला. त्याने त्या ओट्याच्या कडेला ठेवल्या आणि उभा राहिला. हाब्रोने मान वर केली नाही. विणतच म्हणाली, "ठेव आणि जा." आजवर भावजी, तुम्ही म्हणणारी बाई. तो गेला. चुना तिने घेतला. ढाली पांढऱ्याशुभ्र झाल्या, आणि डोंगरावर रांगेत उभ्या केल्या तेव्हा आमच्याच लोकांना वाटलं, एवढे सैनिक आले कुठून.

पुढे बोलणी झाली, तीसजण पळाले, आणि आमची माणसं वाजतगाजत शहरातल्या किल्ल्यावर जाऊन देवी अथेनाला बळी देऊन आली. मग सगळ्यांनी शपथ घेतली: झालं गेलं उगाळायचं नाही. तीसजण आणि त्यांचे खासे सोडून कुणाचंही जुनं पाप काढायचं नाही, कुणावर फिर्याद नाही, कुणाला टोमणा नाही. शहरवाल्यांनी घेतली, डोंगरवाल्यांनी घेतली. फानिआसनेही घेतली.

"घेतलीस?" हाब्रोने विचारलं.

"घेतली, आई."

"प्रोक्लीसही त्यात आला?"

"सगळेच आले."

तिने हातातली काडी तासून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला कुणी शपथ घातली नाही."

"बायकांना घालत नाहीत, आई."

"मग मी मोकळी."

फानिआसला शपथ पाळायची होती आणि आईबरोबर एका घरात राहायचंही होतं. तो म्हणाला, "तू काही करशील का?"

"करेन की नाही, ते माझं मलाच ठाऊक नाही," हाब्रो म्हणाली. आणि ते खरं होतं. तिने ठरवलं असतं तर प्रोक्लीसला गल्लीत जगणं अशक्य झालं असतं. चार बायकांनी पाणवठ्यावर रोज ती दुपार बोलून दाखवली, की संपलं. कायद्याची त्याला गरज नाही.

तसंही त्याचं काही बरं चाललं नव्हतं. त्याला कामाला कुणी बोलवेना. त्याच्या बायकोने मालथाकेला सांगितलं, तो भिंतीकडे तोंड करून बसतो, डाळीचं कालवण पुढ्यात निवतं. हाब्रोच्या कानावर आलं. तिला बरं वाटलं. बरं वाटलं ह्याची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ती प्रोक्लीसवर आणखी चिडली.

अशात शहरातून पहारेकऱ्यांचा एक माणूस आला. दूरच्या सिथिया देशाचा, बोलीत जोर, हसणं मोठं. "मावशी, सभा भरायची आहे. जुना दोर उंदरांनी खाल्ला. नवा हवा."

हाब्रो उठून उभी राहिली. तिला बसवेना. "भरणार? खरंच?"

"दोर दिलास तर भरेल. नाहीतर लोकांना हाकायचं कशाने?"

तिने घरात जाऊन खुंटीवरच्या शालीत तोंड खुपसलं आणि पोटभर रडली. तोवर तिला तसं रडता आलं नव्हतं. मग लव्हाळे भिजवले आणि दोर वळायला बसली. दिवसभर वळला. पहारेकरी येऊन घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी ओशाळं तोंड करून दोर आणि गेरूचं भांडं घेऊन परत आला.

"मावशी, रागवू नकोस. गेरू धरत नाही हा. वर नुसता ओघळतो."

"माझा दोर?"

"हात लावून बघ."

तिने पाहिलं. दोर गलबताच्या दोरासारखा कडक होता. नुसता पीळच पीळ. एवढ्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. सभेचा दोर सैल वळायचा, हे ती झोपेतही विसरली नसती. मालथाके बाजूला मासे साफ करत होती. ती मान न उचलता म्हणाली, "वळताना कुणाची मान होती गं हातात?"

हाब्रो पहारेकऱ्याला म्हणाली, "गेरूचं भांडं ठेवून जा. सभेच्या आदल्या दिवशी ये."

तिने सगळा दोर उलगडला. उलगडणं वळण्यापेक्षा अवघड, बोटं सोलली. आणि उलगडता उलगडता तिच्या डोक्यात केदॉन येऊन बसला, पेला हातात घेतलेला नव्हे, आधीचा. समोरच्या दारात उभा राहून गल्ली डोक्यावर घेणारा. एकदा तिने त्याला विचारलं होतं, भावजींना नको वाटतं तर राहू दे ना घरी, तुम्हाला काय पडलंय? तो म्हणाला होता, "अगं, न घाबरणारेच येऊन बसले तर ती टेकडी त्यांचीच होईल. प्रोक्लीस आला पाहिजे. त्याच्यासाठीच तर आहे ती." तेव्हा तिला ते केदॉनचं नेहमीचं तोंडाळपण वाटलं होतं. आता ती ते पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिली. प्रोक्लीस भिंतीकडे तोंड करून बसला होता. टेकडीवरच्या चौथऱ्यालाही तीसजणांनी असंच फिरवलं होतं.

दुसरा दोर सैल उतरला. गेरूत घातला तर गटागटा प्यायला. पहारेकरी खूश होऊन घेऊन गेला. टोकाचा एक तुकडा तिने कापून ठेवला.

सभेच्या पहाटे सगळी गल्ली उठली. फानिआसने बापाची डागाळलेली शाल खुंटीवरून काढली आणि आईकडे बघितलं. ती म्हणाली, "घे. मोठी होईल तुला." तो गेला, पोरं गेली, म्हातारे काठ्या टेकत गेले. समोरचं दार बंदच होतं.

हाब्रोने दोराचा तुकडा गेरूच्या भांड्यात बुडवला. "मालथाके, एक टोक धर."

"काय करतेस?"

"धर म्हणते ना."

दोघी समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. गेरू थेंबथेंब पायांवर गळत होता. हाब्रोने दार ठोठावलं आणि हाक मारली. तिचा आवाज चिरका निघाला, मग बरा झाला.

"प्रोक्लीस, चल. टेकडी वाट बघतेय."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. माणूस निम्मा झाला होता. त्याने आधी तिच्या हातातला लाल दोर पाहिला आणि चौकटीला धरून राहिला. "वहिनी, मारायला आलात का?"

"त्याला मी मोकळी आहे. मी शपथ घेतलेली नाही."

"ठाऊक आहे मला."

"ह्या दारात उभं राहून तो तुला हाका मारायचा. तू एकदाच त्याला हाक मारलीस. मी ते विसरले नाही, प्रोक्लीस. मरेपर्यंत विसरायची नाही."

तो रडायला लागला. "मी नाही म्हणायला हवं होतं. मला नाही म्हणता आलं नाही."

"हो. म्हणायला हवं होतं. आता शाल घे."

"लोक काय म्हणतील? मी तिथे बसू कुठे?"

"त्याच्या शेजारची जागा तुझीच आहे. फानिआस बसेल त्याच्या जागी. चल, उशीर झाला. मी मागे लागले तर बाजारापर्यंत येईन, आणि मग दोन बायकांनी हाकलत आणला म्हणून तुझी जी शोभा होईल ती बघ."

मालथाकेला हसू आवरलं नाही. प्रोक्लीस शाल शोधत आत-बाहेर करत राहिला, शेवटी त्याच्या बायकोनेच ती त्याच्या खांद्यावर टाकली. तो उंबरा ओलांडून खाली उतरला तसा दोघींनी दोर ताणला आणि त्याच्या पाठीवर टेकवला. नव्या धुतलेल्या शालीवर आडवा तांबडा पट्टा उमटला. गल्लीच्या तोंडापर्यंत दोघी त्याला तशा हाकत गेल्या. पुढे तो आपला आपण चालू लागला, आधी सावकाश, मग लोकांना गाठायला जवळजवळ पळतच.

संध्याकाळी हाब्रो ओट्यावर टोपली विणत बसली होती. फानिआस आत भाकरी खात होता. प्रोक्लीस येऊन रस्त्यातच थांबला. ओट्याला त्याने पाय लावला नाही.

"गर्दी होती," तो म्हणाला.

तिने काडी खोचली.

"निवेदक उभा राहिला आणि म्हणाला, कुणाला बोलायचंय? आणि कुणी बोलेचना, वहिनी. सगळे रडत होते. मग एक म्हातारा उठला. नौकाघरांची छपरं तीसजणांनी मोडून विकली, ती परत बांधा म्हणाला. तिथून सुरू झाला तो कुठल्या कुठे गेला. शेवटी त्याच्या सुनेवर आला."

हाब्रोचा हात थांबला. हाच तो म्हातारा, जो केदॉनबरोबर टेकडीवर नुसता बसायचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं. "मग?" ती म्हणाली.

"मग लोक हसले. मग छपरांचं ठरलं."

"तुम्ही हात वर केलात का, भावजी?"

प्रोक्लीसने मान हलवली. हो म्हणाला. "वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

हाब्रोने टोपली मांडीवरून बाजूला ठेवली, सरकून ओट्यावर जागा केली, आणि सांगायला लागली.